दोन उजवे

दोन्ही उजवे निघाले.

गुरुवारी सकाळी पावणेसातला, कॉफी गॅसवर ठेवून, मी माझ्या रिमोटवरच्या ग्लायडरचे दोन्ही पंख जेवणाच्या टेबलावर मांडले, मधे धडासाठी वीतभर फट सोडली, आणि डावा पंख डावीकडे बसेना. टोक बाहेर केलं की मागच्या कडेची हलती झडप पुढे येत होती. झडप मागे नेली की टोक आत, फटीकडे. मी त्याला टेबलावर फिरवत राहिले, कुलपात चुकीची किल्ली फिरवावी तशी, आणखी एकदा फिरवली तर लागेल अशा आशेने. चार महिने गेले होते त्यात. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फळीतून सुरीने कापलेल्या बावीस फासळ्या, प्रत्येक फासळी बोटाला बोचेनाशी होईपर्यंत घासलेली, वरून पिवळी फिल्म आणि खालून काळी, इस्त्रीने अशी चिकटवलेली की एक सुरकुती दाखवा. कॉफी उतू गेली. उतू जाताना मला दिसत होती आणि मी उठले नाही. सव्वीस वर्षं मी बेन अरूसच्या कारखान्यात कपडा कापते. दोन उजव्या बाह्या कापणारी नवी पोर पहिल्या आठवड्यात घरी जाते, आणि तिला घरी पाठवणारी मी असते.

बाही. नग दोन. पॅटर्नच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं असतं. डावी-उजवी कोणी लिहीत नाही, कारण कापड दुहेरी अंथरलेलं असतं, तोंडाला तोंड लावून. कात्री एकदाच चालते, वरची उजवी निघते, खालची डावी, आपोआप. हाताला हे इतकं ठाऊक झालेलं असतं की हात डोक्याला विचारत नाही. नौफेलने मला कागदावर एकच पंख काढून दिला होता. मी तो फळीवर ठोकला, त्यावर पहिला पंख बांधला, उचलला, आणि त्याच कागदावर दुसरा बांधला. डावा आपोआप निघेल अशी खात्री माझ्या हातांना होती. लाकडाची घडी होत नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. किंवा नौफेलने सांगितलं होतं.

"नौफेल, दोन्ही उजवे झाले."

नौफेल चाळीस वर्षं ग्लायडर बांधतोय. तीस वर्षं त्याने मेट्रो चालवली, आता निवृत्त आहे, आणि मला जे काही येतं ते त्याने शिकवलेलं. फोनवर आधी खाकरणं, मग तो असा हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

"म्हणजे कागद उलटा केलाच नाहीस?"

"नाही."

"तेल लाव म्हटलं होतं ना? जैतुणाचं तेल चोळ कागदाला, आरपार दिसेल, मग उलटा करून दुसरा बांध. म्हटलं होतं की नाही?"

"मला वाटलं चेष्टा करतोयस. तेल पोटात घालायचं का कागदात?"

"कागदात, बाई, कागदात! सगळं जग कागदात घालतं!" तो पुन्हा हसला. "आता असं कर. दोन डावे बांध. दोन ग्लायडर होतील. एक मला दे."

"रविवार आहे, नौफेल."

रविवार म्हणजे काय ते त्याला माहीत होतं.

रविवार म्हणजे बाबा. एल हवारियात, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या घराच्या उंबऱ्यावर बसलेले एक्याऐंशी वर्षांचे बाबा, ज्यांना नाबुलच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्ये सांगितलं की नजरेतलं मधलं जातंय, कडा राहतील. जूनपर्यंत जे दिसतंय ते पाहून घ्या, पुढचं मी सांगू शकत नाही. बाबांनी त्याच संध्याकाळी फोन केला. डोळ्यांचं आधी सांगितलंच नाही. मिरच्या किती झाल्या ते सांगितलं, त्यांच्या मित्राच्या, तिजानीच्या, सुनेला मुलगा झाला ते सांगितलं, आणि मग म्हणाले, "तुझं ते पाखरू आण एकदा. दिसतंय तोवर." बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, जूनच्या पहिल्या रविवारी आणते. माझं स्वतःचं, माझ्या हाताने सोडलेलं. हे शेवटचं मी का म्हटलं कोण जाणे. मी अजून एकही ग्लायडर माझ्या हाताने सोडलेलं नव्हतं.

मेट्रोत उभी राहिले. माझे अंगठे पर्सच्या पट्ट्यावर रिमोटची नसलेली काडी हलवत होते, डावीकडे, मधे, डावीकडे. समोरची मुलगी पाहत होती, मी अंगठे मुठीत घेतले. मुठीत घेणं मला जमतं. कोरबूसच्या कड्यावर मी नऊ वेळा उडवलं आहे, पण ते नौफेलचं ग्लायडर, आणि माझा रिमोट तारेने नौफेलच्या रिमोटला जोडलेला. मी चुकले की तो बटण दाबून सगळं आपल्याकडे घ्यायचा. आणि फेकायचाही तोच. एकदा म्हणाला, आज तू फेक. मी कड्यावर उभी राहिले, हात डोक्यावर, बोटांत ग्लायडर, खाली समुद्र, वारा बरोबर तोंडावर. पाच मिनिटं. मग नौफेल जवळ आला, त्याने माझ्या बोटांतून ते काढून घेतलं आणि फेकलं. "तुझ्या हातातून पोस्टाचं तिकीटसुद्धा सुटायचं नाही," म्हणाला. मी हसले. पण मला ती बोटं ओळखीची वाटली, म्हणजे माझी बोटं उलगडणारी त्याची बोटं, कारण मी नऊ वर्षांची असताना, त्याच समुद्रावर, ससाणी माझ्या मुठीवर होती आणि मी

मार्कर, कापायच्या आखणीचा कागद. तागा क्रमांक चार. अंथरणी वीस थर. कारखान्यात आल्यावर डोकं बंद करता येतं. कारखान्याचे तीन मालक बदलले, टेबल तेच आहे, टेबलाशी मी तीच आहे; मी इथून हलले नाही याचं लोक कौतुक करतात. सुंदुस, माझ्या हाताखाली शिकते, तीन मुलांची आई आहे आणि तोंडाने तिखट, ती नवा तागा उलगडत होती. एका जाकिटाची ऑर्डर होती.

"मास्तरीणबाई, याची सुलटी बाजू कुठली?"

"बघ की."

"बघतेय. दोन्हीकडून सारखंच. माझ्या नवऱ्यासारखं, आतून-बाहेरून एकच, आणि दोन्हीकडून काही कळत नाही."

मी कापड बोटांत घेतलं. खरंच, दोन्हीकडून सारखी वीण. "याला उलटी बाजू नाहीच," मी म्हटलं. "कशीही अंथर. दोन उजव्या बाह्या कापल्यास तरी चालेल, एक पालथी..."

आणि मी थांबले. सुंदुस माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या हातात कापड होतं आणि मला पालथी घातलेली बाही दिसत होती, टेबलावर, धडाच्या डाव्या बाजूला, टोक बाहेर, झडप मागे.

"बाई? साखर कमी झाली का?"

मी शौचालयात जाऊन नौफेलला फोन केला. "त्या फासळीचा आकार वरून आणि खालून सारखाच आहे ना? फुगवटा दोन्हीकडे सारखा?"

"हो. कसरतीचं ग्लायडर आहे, पालथंही उडतं, म्हणून तर..." तो थांबला. "थांब. थांब हं. जोडणीची नळी सरळ आहे?"

"सरळ."

"झडपेची मोटर?"

"खालच्या बाजूला. पालथा केला तर वर येईल."

"येऊ दे वर! दिसेल फोडासारखी, दिसू दे. झडप उलटी हलेल, ती रिमोटमध्ये सुलटी करता येते." मग तो म्हणाला, "पण रंग? एक पंख वरून पिवळा, एक वरून काळा. ग्लायडर आहे की विदूषक?"

"उडेल का?"

"उडेल, दुर्रा. हवेला रंग कळत नाही."

मला मात्र रंग कळत होता. मी तो निवडला होता पाठ कुठली आणि पोट कुठलं ते कळावं म्हणून; डावं-उजवं त्याने कळलं नसतं. ग्लायडर आपल्यापासून लांब जाताना त्याचं डावं ते आपलं डावं असतं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डाव्याचं उजवं होतं, आणि त्या क्षणी माझ्या आत काहीतरी गोठतं. नऊ वेळांपैकी सात वेळा नौफेलने बटण दाबलं ते त्याच क्षणी. माझ्याकडे येणारी गोष्ट मला हाताळता येत नाही. शुक्रवारी जोडणी करून मी छपरावर गेले, ग्लायडर डोक्यावर धरून खालून पाहिलं. एक पंख काळा, एक पिवळा. काळा तो उजवा. फिरले. समोरून पाहिलं. काळा तो उजवाच. कुठूनही आलं तरी, पोट दिसतंय तोवर, काळा तो उजवा. वाळत घातलेल्या चादरींमध्ये मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारणीने पडदा सरकवला.

नौफेलला सांगितलं तर म्हणाला, "आणि वरून दिसलं तर उलटं होईल, तेव्हा काळा तो डावा. म्हणून त्याला कड्याच्या खाली जाऊ देऊ नकोस. वर ठेव."

आणि मी ते नाव आठवायचा प्रयत्न करत होते. त्या ससाणीचं. नाव नव्हतं. बाबा कधीच नाव ठेवत नसत. वसंतात ससाण्या समुद्र ओलांडायला आमच्या डोंगरावर जमतात, तेव्हा जाळ्यात एक धरायची, तीन महिने लाव्यांच्या शिकारीला न्यायची, आणि जूनमध्ये सोडायची. सोडायचीच. मला ते कधी कळलं नाही. आपल्या हातून खाणारी, आपल्या मुठीवर झोपणारी. त्या वर्षी बाबा मला वर घेऊन गेले. मुलींना कोणी नेत नसे. तिजानी म्हणाला होता, पोरीला कशाला, आणि बाबा म्हणाले होते, तिनेच तर चारलंय तिला. हातमोजा माझ्या कोपरापर्यंत येत होता. तिच्या पायातली चामड्याची वादी माझ्या बोटांत. बाबा म्हणाले, सोड. ससाणी माझ्या मुठीवर होती आणि मी मूठ उघडली नाही. ती उडाली आणि वादीला हिसका बसून उलटी लटकली, फडफडली, दगडावर आपटली, आणि बाबा माझी बोटं एकेक करून उलगडत होते, रागाने नाही, घाईने, आणि कट्‌ असा आवाज आला. पीस मोडल्याचा. मी धावत मावशीच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा अंगणातली ससाणीची दांडी रिकामी होती. मी विचारलं नाही. बाबा बोलले नाहीत. मला पुन्हा वर नेलं नाही. चाळीस वर्षं मी हे असंच घडी घालून ठेवलं आहे, तोंडाला तोंड लावून.

रविवारी लुआजमध्ये, भाडं वाटून घ्यायच्या गाडीत, आम्ही आठ जण. मी शिवलेली लांब पिशवी सगळ्यांच्या गुडघ्यांवर आडवी.

"काय आहे बाई त्यात, बंदूक?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"पंख."

"कोणाचे?"

"माझे."

"मग गाडीने कशाला येताय? सीट अडवून!"

गाडीभर हशा झाला. केलिबिया येईपर्यंत एका म्हाताऱ्याने पंखाचं टोक आपल्या मांडीवर असं जपून धरलं होतं, जसं कोणाचं तरी तान्हं मूल.

बाबा उंबऱ्यावर होते. मी समोर उभी राहिले तर त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. क्षणभर मला वाटलं रागावलेत. मग कळलं. मधलं गेलंय. डोळ्याच्या कडेने पाहण्यासाठी त्यांना तोंड वळवावं लागतं. ते मलाच पाहत होते. अंगणातली दांडी रिकामी होती.

"यंदाची ससाणी?"

"गुरुवारी सोडली."

"रविवारी सोडणार होता ना? मी आल्यावर?"

"तिला रविवार ठाऊक नव्हता," बाबा म्हणाले. "वारा आला, ती अस्वस्थ झाली. तिजानीने वर नेलं, मी सोडली. गेली कुठे ते दिसलं नाही. आवाज ऐकला."

तिजानीच्या खटारा गाडीतून आम्ही वर गेलो, जाता येतं तिथवर. नौफेल आधीच पोचलेला, दगडावर बसून डब्यातलं काहीतरी खात होता. त्याने उठून आदराने बाबांचा खांदा चुंबला, "सी शाझली, तुमच्या पोरीने काय दिवा लावलाय तो बघा," म्हणाला. वारा वायव्येचा, समुद्रावरून सरळ कड्यावर, स्थिर. समोर झेंब्राचं बेट. मी धड बाहेर काढलं, नळी घातली, पंख सरकवले. बाबांनी हात पुढे केला. मी ग्लायडर त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं पंखावरून चालली, कारखान्यात मी कापडावरून चालवते तशीच, टोकापासून आत. उजवा पंख संपला, डावा सुरू झाला, आणि वर आलेल्या मोटरीवर बोटं थांबली.

"हे वर का?"

"चूक झाली, बाबा. दोन्ही उजवे झाले. मग एक पालथा करून लावला."

त्यांची बोटं हलेनात. वाऱ्याने फिल्म बारीक गुणगुणत होती.

"पालथा," बाबा म्हणाले. "त्या पिसासारखा."

"कुठल्या?"

"तुझ्या ससाणीच्या. डाव्या पंखाचं तिसरं पीस मोडलं होतं. मोडक्या पिसाच्या जागी पीस सांधावं लागतं, गळालेलं, जपून ठेवलेलं. डाव्याला डावंच लागतं. माझ्या डब्यात सगळी उजवी. मग एक उजवं घेतलं, पालथं केलं, मधे सुई घालून सांधलं. पोटाकडची फिकी बाजू वर आली. तिजानी हसला मला."

"अजून हसतो," तिजानी मागून म्हणाला.

मी बाबांकडे वळले. "आणि ती?"

"ती काय?"

"मेली ना ती?"

बाबांनी तोंड वळवलं. पलीकडे, बेटाकडे. म्हणजे मला पाहत होते. "मेली? कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. कोणीच काही सांगितलं नाही. दांडी रिकामी होती."

"सोडली म्हणून रिकामी होती! पहाटे सांधलं, उजाडताच इथं आणून सोडली. डाव्या अंगाला थोडी झुकत गेली. पण गेली. इतर ससाण्या थोड्या वेळात दिसेनाशा होतात, ही किती तरी वेळ दिसत राहिली. ते एक पीस फिकं होतं ना, चमकायचं." ते थांबले. "तुला ठाऊक नव्हतं?"

"तुम्ही सांगायचं होतं."

"मला वाटलं तू विचारशील."

चाळीस वर्षं. नौफेल खाकरला. "वारा आहे तोवर," तो म्हणाला. "दे, मी फेकतो. तू रिमोट धर."

तार नव्हती. आज दोन रिमोट नव्हते, बटण नव्हतं. मी झडपा हलवून पाहिल्या: उजवी वर, डावी खाली, डावी वर, उजवी खाली. रिमोट गळ्यात, डावा अंगठा काडीवर, उजव्या हातात ग्लायडर. "नको," मी म्हटलं. "मीच."

कड्याच्या टोकाशी गेले. हात वर. आणि बोटं, माझी बोटं, तीच, नऊ वर्षांची.

"दुर्रा," मागून बाबा म्हणाले, "जोर लावू नकोस. वारा बोटांना ओढेल. ओढायला लागला की बोटांचं ऐक."

वारा आला. आधी कोपराखालून, मग मनगटाला, मग ग्लायडर माझ्या हातात हलकं झालं, इतकं हलकं की मी ते धरलं आहे की ते मला धरून आहे ते कळेना, आणि त्याने ओढलं. बोटांना. हळू, हट्टाने, लहान मूल बाहेर चल म्हणून ओढतं तसं. करंगळी सुटली. मग पुढचं. कोणी उलगडलं नाही. मी पाहिलं तेव्हा माझा हात वर होता, उघडा, आणि त्यात काही नव्हतं.

"काडी!" नौफेल ओरडला. "काडी धर, बाई! हात काय हलवतेस, गाडी सुटलीय का?"

ते कड्याच्या खाली गेलं होतं. वरून दिसलं: काळा तो डावा, उलटं, सगळं उलटं, काहीही करू नकोस, मी स्वतःला म्हटलं, वर येऊ दे, आणि अंगठ्याने फक्त नाक धरून ठेवलं, मग वाऱ्याने त्याला पोटाखालून उचललं, आणि ते कड्याच्या वर आलं, डोक्याच्या वर, आणखी वर, आणि पोट दिसलं. काळा. पिवळा. मी श्वास घेतला. वळवलं. बेटाकडे तोंड होतं ते वळलं, वारा कापत आलं, आणि आता माझ्याकडे. सरळ माझ्याकडे. आत ते गोठणं सुरू झालं, ओळखीचं, पायांपासून वर. एक पंख पडायला लागला. कुठला?

"काळा पडतोय!" बाबा ओरडले.

काळा तो उजवा. उजवा पडला, काडी डावीकडे. अंगठा गेला. पंख उचलला. ग्लायडर आमच्या डोक्यावरून गेलं, शिट्टीसारखा आवाज करत, आणि आवाज गेल्यावर मला कळलं की नौफेल बोलत नाहीये, आणि मला कोणी वाचवलं नाहीये.

बाबांना दिसलं होतं.

मी नजर काढू शकत नव्हते, ते वर होतं, पुढच्या वळणावर, पण कडेने, डोळ्याच्या अगदी कडेने मला बाबा दिसत होते, दगडावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि त्यांचं तोंड आकाशाकडे नव्हतं. माझ्याकडे होतं. ग्लायडर पाहायचं म्हणून ते थेट माझ्याकडे बघत होते.

"दिसतंय का, बाबा?"

"वळतंय. आता पिवळा चमकला."

ते बेटाच्या अंगाला गेलं, लहान झालं, वळलं, परत मोठं होऊ लागलं. पुन्हा माझ्याकडे. येऊ दे.

"अजून दिसतंय?"

"दिसतंय," बाबा म्हणाले. "तू विचारत राहा."